पांढऱ्या भुवया, डायची ॲलर्जी आणि महिन्यावर आलेलं लग्न : एका प्रकरणाची नोंद

बाई ५७ वर्षांच्या. हायस्कूलवर शिक्षिका, निवृत्तीला वर्षभर बाकी. मलाही त्यांनी आठवीत मराठी शिकवलं, त्यामुळे या नोंदीत त्यांचं नाव न घेता ‘बाई’ एवढंच लिहिते. मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं आणि त्याच्या महिनाभर आधी त्या कराडमधल्या माझ्या पार्लरमध्ये आल्या. मागणी सरळ होती. दोन्ही भुवया पांढऱ्या झाल्यात, फोटोत चेहऱ्यावर भुवयाच दिसत नाहीत, तर काहीतरी करून दे. पण डाय लावू नकोस. डाय का नको, हे त्यांनी मोबाईलमधला एक फोटो दाखवून सांगितलं. दोन्ही डोळे सुजून मिटलेले, पापण्यांत पाणी धरलेलं, भुवयांच्या जागी लाल पट्टे आणि त्यावर पिवळट खपल्या. संक्रांतीच्या आसपासचा फोटो होता तो.

ही नोंद मी सविस्तर लिहितेय, कारण बाईंनी जे घरी केलं ते पार्लरमध्येही सर्रास चालतं. केसांना कलर लावून झाला की वाटीत थोडा उरतो. मग गिऱ्हाईक म्हणतं, “तेवढा भुवयांना पण फिरव गं.” ब्रशच्या टोकाने तो फिरवला जातो, त्याचे वेगळे पैसेही कुणी घेत नाही. बहुतेक वेळा काही होत नाही, आणि काही होत नाही म्हणूनच ही सवय सुटत नाही. ज्या एखादीला होतं, तिच्या डोळ्यांवर येतं.

आधी काय घडलं होतं

बाई कितीतरी वर्षं घरीच डाय करायच्या. पाकिटातली काळी पावडर, पाण्यात कालवून. गेल्या वर्षभरात डाय केल्याच्या दुसऱ्या दिवशी कानामागे आणि कपाळाच्या कडेला खाज यायला लागली. कातडी लाल व्हायची, मग कोंड्यासारखी सुटायची. मेडिकलमधून ॲलर्जीची गोळी आणायची, दोन दिवस घ्यायची, पुढच्या महिन्यात पुन्हा डाय. हा सगळा काळ म्हणजे शरीराने दिलेला इशारा होता, पण तो टाळूच्या कडेला असल्याने कुणाच्या नजरेत भरला नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाआधी त्यांनी केसांना डाय लावला आणि उरलेला कानात घालायच्या काडीने दोन्ही भुवयांवर लावला. वीसेक मिनिटं ठेवून धुतला. त्या संध्याकाळी भुवया छान काळ्याभोर दिसत होत्या, हे त्या आजही सांगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी खाज सुटली, तिसऱ्या दिवशी डोळे उघडेनात. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. बुबुळाला इजा नव्हती, हे नशीब. औषधोपचाराने सूज आठ-दहा दिवसांत उतरली. पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून पॅच टेस्ट केली. ती पट्टी ४८ तासांनी काढतात, आणि त्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात. बाईंच्या पाठीवर पीपीडीची जागा लाल होऊन फुगली होती.

पीपीडी म्हणजे पॅरा-फेनिलीनडायअमीन. काळ्या आणि गडद तपकिरी रंगाच्या बहुतेक पक्क्या डायचा हा पाया. त्याचा रेणू लहान असतो, केसात सहज शिरतो, आणि ऑक्सिजन देणाऱ्या दुसऱ्या रसायनाशी मिळून आतच मोठा, रंगीत रेणू बनवतो. म्हणून तो धुतल्याने जात नाही. हाच लहान रेणू कातडीतही शिरतो. एकदा शरीराने त्याला शत्रू मानलं की ती आठवण सहसा आयुष्यभर राहते, आणि दर खेपेची प्रतिक्रिया आधीच्यापेक्षा जोरात येऊ शकते. ही ॲलर्जी उशिरा दिसणारी आहे, एक ते तीन दिवसांनी. त्यामुळेच ‘लावल्यावर काही झालं नाही’ याला काही अर्थ नसतो.

पापणीची कातडी अंगावरच्या सर्वांत पातळ कातडीपैकी. टाळूवर नुसती खाज आणणारा डाय तिथे डोळा बंद करू शकतो. आपल्याकडे पीपीडी असलेल्या डायच्या पाकिटावर इशारा छापणं कायद्याने बंधनकारक आहे: हा डाय पापण्यांना किंवा भुवयांना लावू नये, तसं केल्यास अंधत्व येऊ शकतं. इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापायचा असतो. आतल्या कागदावर कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावून २४ तास वाट बघायची पद्धतही दिलेली असते, आणि ही चाचणी दर वेळी करा असंही लिहिलेलं असतं. बाईंकडून त्या पाकिटाचा कागद मी मागवून घेतला. त्यावर सगळं होतं, मराठीतसुद्धा, इतक्या बारीक अक्षरांत की चष्मा लावूनही तो उजेडाकडे धरावा लागला.

हा इशारा कुणाच्या कल्पनेतून आलेला नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत ‘लॅश ल्युअर’ नावाचा पापण्या-भुवयांचा डाय विकला जात होता, याच कुळातला. त्याने बायकांचे डोळे गेले, एकीचा तर जीव गेला. तेव्हाच्या तिथल्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनांवर सरकारला हात घालता येत नव्हता. १९३८ साली नवा कायदा झाला, त्यामागच्या कारणांत या डायचंही नाव होतं. केसांना लावायच्या अशा डायना भुवयांसाठी तिथे आजही परवानगी नाही. नव्वद वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आपण वाटीतल्या उरलेल्या रंगापायी विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

बाईंना दुकानदाराने ‘अमोनिया-फ्री घ्या, त्याने काही होत नाही’ असं सुचवलं होतं. अमोनिया नसणं आणि पीपीडी नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमोनिया वासाला उग्र असतो, तो काढला की डाय सौम्य वाटतो, एवढंच. आत पीपीडी किंवा त्याचा सख्खा भाऊ पीटीडी बहुतेक वेळा असतोच, आणि ज्यांना एकाची ॲलर्जी आहे त्यांतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्याचाही त्रास होतो. ‘हर्बल’ लिहिलेल्या पाकिटाचंही तेच. मागची यादी वाचल्याशिवाय पुढच्या पानाफुलांच्या चित्रावर जाऊ नये.

भुवया नीट बघितल्यावर

पार्लरच्या ट्यूबलाइटखाली पांढऱ्या भुवईचा अंदाज येत नाही. मी बाईंना खिडकीशी बसवलं आणि चष्मा काढायला सांगितला.

नाकाजवळच्या टोकाला अजून बरेच काळे केस होते. मधला भाग जवळपास पूर्ण पांढरा. कानाकडचं शेपूट विरळ, तिथे मोजके आणि बारीक केस. पांढरे केस काळ्यांपेक्षा लांब, जाड आणि वाकडे. दोन-तीन तर सरळ पुढे, कपाळाबाहेर आलेले. ब्रशने बसवले तरी हात काढताच उठायचे. खालची कातडी मात्र एकसारख्या रंगाची होती, आणि हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. केसाबरोबर कातडीवरही पांढरा डाग असेल तर ते कोड असू शकतं. भुवईचा एकच पुंजका अचानक पांढरा झाला, किंवा चाईने गळून गेलेल्या जागी नवीन केस पांढरे उगवले, तर तेही डॉक्टरांनी बघायचं. पार्लरने तिथे हात लावायचा नाही. शेपूट विरळ होण्यामागे कधी थायरॉइड कमी असणंही असतं. बाईंची ती तपासणी वर्षाच्या सुरुवातीला झाली होती आणि अहवाल ठीक होता. मधुमेहाची गोळी मात्र चालू होती. ही माहिती पुढे कामी आली.

वयाने होणारं पांढरेपण साधं असतं. केसाच्या मुळाशी रंग भरणाऱ्या पेशी थकतात, संपतात, आणि पुढचा केस रंगाशिवाय वाढतो. भुवईचा केस डोक्याच्या केसासारखा वर्षानुवर्षं वाढत नाही. महिना-दोन महिने वाढतो, थांबतो, पुढे गळतो, त्या जागी नवा येतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की भुवईला कितीही पक्का रंग लावा, तीन-चार आठवड्यांत पांढरं डोकं वर काढतंच. म्हणजे डायची जोखीम महिन्याला एकदा, तीही डोळ्यापासून दोन बोटांवर. ज्यांना ॲलर्जी नाही त्यांच्यासाठीही हा सौदा मला महागच वाटतो.

आणखी एक गोष्ट खिडकीतल्या उजेडात कळली. संक्रांतीनंतर बाईंनी केसांचा डायही बंद केला होता. कपाळालगत दीडेक इंच केस पांढरे होते, मागे काळे. आता अशा चेहऱ्यावर काळ्याभोर भुवया काढल्या तर त्या चिकटवलेल्या दिसणार. बाईंच्या मनात मात्र त्या संक्रांतीच्या संध्याकाळच्या भुवया होत्या.

मुलीचा आग्रह

बाईंची मुलगी पुण्याला नोकरी करते. ती सुट्टीला आली तेव्हा सोबत आली आणि येतानाच ठरवून आली होती.

“ताई, आईचं मायक्रोब्लेडिंगच करून टाकूया. एकदाच काय तो त्रास, मग दोन वर्षं बघायला नको.”

“आई तयार आहे का?”

“आईला काय, ती म्हणते तू म्हणशील तसं.”

तिची तळमळ खरी होती. लग्नाच्या अल्बममध्ये आईचा चेहरा उठून दिसावा, एवढंच तिला हवं होतं. मी तिला बसवून सगळं सांगितलं. मायक्रोब्लेडिंगमध्ये बारीक सुयांच्या पात्याने कातडीत चिरा पाडून त्यात रंग भरतात. रंग कातडीला लागतो, केसाला नाही. बाईंच्या भुवयांत केस भरपूर आहेत, फक्त पांढरे आहेत. खाली तपकिरी रेघा आणि वर तेच पांढरे केस, म्हणजे काढलेल्या भुवईवर धूळ बसल्यासारखं दिसणार. मग ते पांढरे केस रंगवायचे किंवा उपटायचे हा प्रश्न पुन्हा तिथेच.

वेळेचंही गणित बसत नव्हतं. पहिले काही दिवस रंग फार गडद दिसतो, मग खपली धरते, ती खरवडायची नाही, भिजवायची नाही. खपली पडल्यावर रंग एकदम फिका वाटतो आणि खरा रंग कळायला महिना जातो. दुसरी बैठक सहा ते आठ आठवड्यांनी. लग्न चार आठवड्यांवर, तेही मे महिन्याच्या घामात. त्यात मधुमेह, म्हणजे जखम भरायला उशीर आणि जंतुसंसर्गाची भीती. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते करायचंच नाही.

आणि एक मुद्दा असा, जो मायक्रोब्लेडिंग करणाऱ्या अनेकींना ठाऊकही नसतो. कातडी बधिर करायला जे क्रीम लावतात त्यात कधी बेन्झोकेन किंवा टेट्राकेन असतं. पीपीडीची ॲलर्जी असलेल्या काहींना यांचाही त्रास होतो, कारण शरीर त्यांच्यात आणि पीपीडीत गल्लत करतं. लिडोकेनचं क्रीम वेगळ्या जातीचं, त्यात ही अडचण सहसा येत नाही. पण ट्यूबवर काय लिहिलंय ते विचारणार कोण? बाईंसारख्या माणसाने ते विचारलंच पाहिजे. मी मुलीला हे एका कागदावर लिहून दिलं, पुढे कधी दाताच्या किंवा दुसऱ्या कुठल्या डॉक्टरांकडे जाताना आईच्या पर्समध्ये असावं म्हणून.

रंग काही वर्षांनी बदलतो, कुणाचा लालसर होतो, कुणाचा निळसर करडा. आणि बाईंचे केस तोवर पूर्ण रुपेरी झालेले असतील. हे शेवटचं ऐकल्यावर मुलगी म्हणाली, “नको मग.”

मेंदी, काजळ, प्लकर

बाकीच्या सूचना नातेवाइकांनी फोनवरून पाठवल्या होत्या, त्या पटापट बाजूला झाल्या. शुद्ध मेंदी पांढऱ्या केसावर नारिंगीच चढते. तपकिरी किंवा काळा रंग हवा तर वरून निळीच्या पानांची पावडर लावावी लागते, आणि ती भुवईवर पातळ होऊन डोळ्याकडे ओघळते. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटात तर बहुधा पीपीडीच असतं. बाईंना ती मुळीच चालणार नव्हती. काजळाची कांडी तेलकट, दुपारपर्यंत पापणीवर उतरते. प्लकरने पांढरे केस काढायचे म्हटलं तर बाईंची मधली भुवईच जाईल. एक उपटला की दहा उगवतात, हे खरं नाही. एका मुळातून एकच येतो, तोही पांढराच. पण पुन्हा पुन्हा उपटून मूळ दुखावतं आणि या वयात गेलेला केस परत येईलच असं नाही.

काय ठरलं

मी ठरवलं की रंग कातडीवर नाही, केसाच्या आतही नाही, केसाच्या वरून चढवायचा. आणि तो संध्याकाळी धुऊन निघाला पाहिजे. यासाठी रंगीत आयब्रो जेल असतं, मस्कारासारखी नळी आणि छोटा ब्रश. त्यातला रंग बहुतेक लोहाच्या ऑक्साइडचा असतो, म्हणजे मातीच्या लाल-पिवळ्या-काळ्या रंगांच्या कुळातला, आणि तो केसावर पातळ थर होऊन वाळतो. केसात काही शिरत नाही. किंमत काही शे रुपये.

पण बाईंच्या कातडीचा इतिहास बघता सरळ भुवईला लावायचं नव्हतं. जेलमध्ये रंग सुरक्षित असला तरी टिकवण्यासाठी घातलेली रसायनं आणि सुगंध असतात. म्हणून नळी त्यांना घरी दिली आणि कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर लावायला सांगितलं. रोज रात्री त्या जागेचा फोटो मला पाठवायचा. फोटो नियमित आले, त्याखाली “आज काही नाही” असं शुद्धलेखन सांभाळून लिहिलेलं. आठवडा कोरडा गेल्यावरच पुढचं काम धरलं.

आधी आकार. थ्रेडिंग फक्त पापणीवरच्या आणि दोन भुवयांच्या मधल्या चुकार केसांपुरतं. आत दोरा घातला नाही. वाकडे पांढरे केस ब्रशने सरळ वर विंचरले आणि भुवईच्या वरच्या रेषेबाहेर जे टोक आलं तेवढंच बारीक कात्रीने कापलं, एकेक करून. इथे घाई केली तर खड्डा पडतो, कारण विंचरलेला केस ओला असताना लांब दिसतो आणि वाळल्यावर आखडतो. म्हणून कोरडाच कापायचा. एवढ्यानेच अर्धं काम झालं. पांढऱ्या भुवया विस्कटलेल्या दिसतात त्या रंगापेक्षा या उभ्या केसांमुळे.

मग रंग. बाईंना काळा हवा होता, माझं मत करड्याकडे झुकणाऱ्या तपकिरीचं. वाद घालण्याऐवजी मी डाव्या भुवईला काळी पेन्सिल केली आणि उजवीला करडं-तपकिरी जेल. खिडकीत एक फोटो, ट्यूबलाइटखाली एक, फ्लॅश मारून एक. बाईंनी चष्मा लावला आणि तिन्ही फोटो बोटांनी मोठे करून पाहिले. डावीकडे कातडी काळी झाली होती आणि तिच्यावर पांढरे केस तसेच चमकत होते. पेन्सिलीचं मेण कातडीला धरतं, गुळगुळीत पांढऱ्या केसावरून घसरतं. फ्लॅशमध्ये तर ती बाजू रागावल्यासारखी दिसत होती. उजवीकडे भुवई होती. “अगं, ही माझी आहे,” एवढंच त्या म्हणाल्या. डावी पुसून टाकली.

लावण्याची रीत त्यांना हाताला बसेपर्यंत करून घेतली, कारण लग्नाच्या दिवशी मी नवरीकडे असणार होते. ब्रश नळीतून काढला की आधी टिश्यूवर पुसायचा. भरलेला ब्रश भुवईवर गोळे सोडतो. पहिला हात उलटा, कानाकडून नाकाकडे, म्हणजे केसाच्या खालच्या बाजूला रंग लागतो. पांढरा केस वरून रंगला आणि खालून पांढरा राहिला तर मान हलली की चमकतो. मग मिनिटभर थांबून दुसरा हात सुलटा, केस बसवत. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ. नाकाजवळचं टोक सगळ्यात शेवटी, ब्रशवर जे उरलं असेल त्याने. तिथे काळे केस आहेतच. शेपटाकडे केस कमी असल्याने त्याच रंगाच्या पेन्सिलीने अगदी छोट्या, केसाएवढ्या रेघा. एक सलग रेघ ओढायची नाही. वरून लूज पावडरचा हलका हात.

वॉटरप्रूफ जेल घ्यावं का, यावर मी बराच विचार केला. घामात ते टिकलं असतं. पण ते काढायला तेलकट रिमूव्हर आणि कापसाने चोळणं आलं, आणि तीन महिन्यांपूर्वीच सोललेल्या कातडीवर चोळणं मला नको होतं. कोमट पाण्याने आणि साध्या फेसवॉशने निघणारंच ठेवलं.

चष्म्याचा नंबर बदलायचा होताच, तेव्हा फ्रेमही बदलायला सांगितली. जुनी बिनकाठाची होती. नवी घेतली ती वरच्या बाजूने गडद तपकिरी काठाची, काठ भुवईच्या खालून, तिच्याच वळणाने जाणारा. भुवई झाकायची नाही, तिला खालून रेघ द्यायची. ज्यांना चष्मा आहे आणि चेहऱ्याला काहीही लावायचं नाही, त्यांना मी हल्ली आधी हाच उपाय सांगते.

हळद आणि लग्न

हळदीचा प्रश्न बाईंनीच काढला. भाचीच्या हळदीत सुवासिनींनी त्यांच्या कपाळाला आणि गालांना हळद लावली, ती भुवयांत गेली आणि पांढरे केस पिवळे धमक झाले. दोन-तीन दिवस निघेनात. आता तर त्या नवरीची आई, म्हणजे हळद चुकणार नव्हती. जेल त्या दिवशी लावलंच नाही. त्याऐवजी भुवयांना पेट्रोलियम जेलीचा बऱ्यापैकी थर दिला, केसाच्या दोन्ही बाजूंनी. डाय करताना कपाळाच्या कडेला लावतो तसाच. कार्यक्रम उरकल्यावर आधी कोरड्या कापसाने जेली हळदीसकट उचलून घेतली, पाणी नंतर. भुवया पांढऱ्याच राहिल्या.

लग्नाच्या दिवशी त्यांनी पहाटे स्वतःच लावलं. मी फक्त शेपटाच्या दोन रेघा सारख्या केल्या. घाम आला की पुसायचा नाही, टिपायचा, हे मुलीच्या मावशीला सांगून ठेवलं होतं. मंगलाष्टकं, कन्यादान, दुपारची पंगत, इथपर्यंत भुवया जागच्या जागी होत्या. पाठवणीच्या वेळी बाई रडल्या, पदराने कपाळ-डोळे पुसले, आणि उजव्या भुवईचं शेपूट गेलं. संध्याकाळच्या रिसेप्शनआधी ते पुन्हा काढलं. वॉटरप्रूफ असतं तर हे झालं नसतं, हे मान्य. तरीही पुढच्या वेळी मी पुन्हा हाच निर्णय घेईन. रात्री धुतल्यावर कातडीवर लाली नव्हती, आठवड्यानंतरही काही नव्हतं.

आता बाई रोज काही लावत नाहीत. शाळेत पांढऱ्या भुवयांनीच जातात, महिन्यातून एकदा माझ्याकडे विंचरून कापून घेतात. नळी उघडून तीन-चार महिने झाले की फेकायची, डोळ्याजवळची वस्तू आहे, हे त्यांना बजावलंय.

दुसऱ्या कुणाचं असतं तर

हे उत्तर बाईंचं आहे. पस्तिशीतल्या एखादीला दोन-चार केस पांढरे आले असतील तर ते मुळाशी कापून टाकावेत, बाकी काही करू नये. पुरुषांच्या भुवयांत वयाने केस लांब आणि राठ होतात. त्यांना विंचरून कापणं आणि वर बिनरंगाचं जेल पुरतं, रंग शक्यतो देऊ नये, तो लगेच ओळखू येतो. ज्यांचे भुवयांचे केसच गेलेत, त्यांच्यासाठी मायक्रोब्लेडिंग किंवा पावडर ब्रोज (कातडीत बारीक ठिपक्यांनी रंग भरणं) खरोखर उपयोगाचं आहे. कातडीचा आजार शांत असला, डॉक्टरांची हरकत नसली आणि करणारीचा हात चांगला असला तर. आणि ज्यांच्या डोक्यावर पीपीडीचा डाय वर्षानुवर्षं बिनत्रासाचा चाललाय, त्यांच्याही भुवयांना मी तो लावत नाही. काही गिऱ्हाइकं त्यामुळे दुसरीकडे गेली.

लग्नात बाईंच्या धाकट्या बहिणीने त्यांच्या भुवया बघितल्या आणि चार दिवसांनी ती आली. वय एकावन्न, भुवया अर्ध्या पांढऱ्या, डोक्याला दर महिन्याला काळा डाय. “मला काही होत नाही डायने, कानामागे जरा खाजतं तेवढंच,” असं ती म्हणाली. तिला मी जेल कोपराच्या आत लावायला देऊन परत पाठवलंय, त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलंय, आणि पुढच्या वेळी येताना डायचं रिकामं पाकीट घेऊन यायला सांगितलंय.